अधिभारमाफी म्हणजे कॅशबॅक नव्हे
एडवणहून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकीने जाणाऱ्याला ‘पेट्रोलवर १ टक्का सूट’ देणारे क्रेडिट कार्ड मोहात पाडते. बहुतेकदा ही इंधन अधिभारमाफी (कार्डाने पैसे दिल्यास लागणारे जादा शुल्क न घेणे) असते. कॅशबॅकमध्ये खर्चाचा काही भाग खरोखर परत येतो. भाजीवाल्याने पिशवीचे पैसे घेतले नाहीत, म्हणून भाजी स्वस्त होत नाही, तसेच अधिभारमाफीचे.

माफीलाही किमान रकमेची अट असते, अनेक कार्डांवर ४०० रुपयांची. दोनशेचे पेट्रोल टाकणाऱ्याला ती लागूच होत नाही! अधिभार माफ झाला, तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी सहसा परत मिळत नाही. बरीच कॅशबॅक कार्डे इंधन वगळतात. तेलकंपन्यांच्या कार्डांचा मोठा लाभ त्याच कंपनीच्या पंपावर मिळतो, तेव्हा आधी आपल्या वाटेवरचा पंप कोणाचा ते पाहावे, मग वार्षिक शुल्क. रोखीने किंवा बँक खात्यातून यूपीआयने पैसे दिले, तर हा अधिभार मुळात नसतोच.