औंढ्याची पोकळी

गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाचा विषय निघाला की हिंगोलीत बोलणं बहुधा जमीन, खर्च आणि तारखांवर येऊन थांबतं. 11 फेब्रुवारी 2016 रोजी गुरुत्वीय लहरींचा शोध जाहीर झाला आणि आठवड्याच्या आत, 17 तारखेला, केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. पुढे औंढा नागनाथजवळची जागा ठरली. पूर्ण मंजुरी यायला एप्रिल 2023 उजाडला. खर्च 2,600 कोटी रुपये. 11 मे रोजी पायाभरणी झाली.

या सात वर्षांत लेसर आणि कृष्णविवरांबद्दल पुष्कळ छापून आलं. हवेबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते यंत्राचा सगळ्यात अवघड भाग तोच आहे. लेसर ज्यांतून धावतो त्या काटकोनातल्या दोन निर्वात नळ्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब, सव्वा मीटरच्या आसपास रुंद. अमेरिकेतल्या अशाच यंत्रातली सुमारे 10,000 घनमीटर हवा उपसायला 40 दिवस लागले. नुसते पंप पुरत नाहीत. पोलादाच्या भिंतींना वाफ आणि वायू चिकटून असतात. ते सुटावेत म्हणून नळ्या दीडशे अंशांच्या वर कित्येक दिवस तापवाव्या लागल्या.

इथे फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकाचं पहिलंच गृहीतक गळून पडतं. साध्या हवेत रेणू मिलिमीटरचा दहा हजारावा भागही न चालता दुसऱ्यावर आदळतो, म्हणून हवेला सलग प्रवाह मानता येतं. नळीतला दाब वातावरणाच्या लाख कोटीव्या हिश्शावर आला की हेच अंतर कित्येक किलोमीटरचं होतं. रेणू एकमेकांना भेटतच नाहीत, थेट भिंतीवर आदळतात. बर्नुलीचं समीकरण तिथे निरुपयोगी. उपग्रहाला विरळ वातावरणात होणारा अवरोध काढताना विमानशास्त्रज्ञ हेच गणित मांडतात. अंतराळ स्थानकाच्या उंचीवरही या नळीपेक्षा जास्त वायू असतो!

उरलेले रेणूही त्रास देतात. भोवतालच्या तापमानात किंचित फरक पडला, तरी ते लेसर परतवणाऱ्या टांगलेल्या आरशाला एका बाजूने जास्त ढकलतात. लायगोच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रायनर वाइस यांनी हा धोका 1972 च्या अहवालातच मांडला होता. थर्मोडायनॅमिक्सची इतकी नेमकी परीक्षा क्वचितच कुठे होत असेल.

प्रकल्प पूर्ण करण्याचं लक्ष्य 2030 आहे. तोवर वाट कशाला पाहायची? नांदेड, परभणी, हिंगोलीच्या प्राध्यापकांनी विरळ वायूंचा धडा शिकवताना फळ्यावर औंढ्याचीच नळी काढावी आणि आकडेही तिचेच घ्यावेत.