कुत्रा म्हणजे मुंगूस नव्हे!

पंचतंत्रातील मुंगसाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पाळण्याजवळ आलेल्या सापाचे त्याने तुकडे केले आणि त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून घरधनिणीने त्यालाच मारले. गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येते खरे. पण तिच्यातून आपण एक भलताच धडा घेतला आहे. घरी पाळलेल्या प्राण्याने सापाशी झुंजायचेच असते, असे आपण मनोमन धरून चालतो आणि मुंगसाचे काम बिनदिक्कत कुत्र्यावर सोपवितो.

मुंगसाला निसर्गाने एक खास देणगी दिली आहे. नागाचे विष नसांकडून स्नायूंना हुकूम पोचतो त्या जागी जाऊन चिकटते आणि हुकूमच अडविते. मुंगसाच्या शरीरात ती जागा अशी घडली आहे की, विषाला तिथे नीट पकड मिळत नाही. शिवाय अंगी विजेची चपळाई! कुत्र्याजवळ यांपैकी काहीच नाही. त्याच्याजवळ आहे ते केवळ धैर्य, आणि तेच त्याच्या जिवावर बेतते.

कामशेतच्या आसपास आमचे एक लहानसे घर आहे, आणि त्या घराला मोत्या नावाचा गावठी राखणदार आहे. हा सारा भाग भाताचा. भात आले की उंदीर आले आणि उंदरांमागे साप आलेच. लोणावळ्याकडे तर वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. बिळांत पाणी शिरले की ही मंडळी कोरडी जागा शोधीत लाकडांच्या ढिगाशी, विटांच्या थप्पीत, बंगल्याच्या पायरीखाली येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप; शिवाय घाटातल्या झुडपांत हिरवा चापडा पानांत पान होऊन बसलेला असतो.

आमच्या शेजारच्या एका बंगल्यात मोठा देखणा अल्सेशियन होता. गेल्या पावसाळ्यात सरपणाच्या ढिगाशी त्याला घोणस दिसली. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फूत्कार आम्हांला कुंपणापलीकडून ऐकू आला. माळ्याने सवयीने "छू! छू!" केले. कुत्र्याने झडप घातली. घोणस मेली, पण तिचा दंश त्याच्या नाकावर बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. घरची मुले दोन दिवस जेवली नाहीत. भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र म्हणत होता, "काय शूर हो! शेवटपर्यंत हटला नाही." मला त्या वाक्याचा राग आला. त्याला हटायला कोणी शिकविलेच नव्हते!

सापापासून दूर राहण्याचे शिक्षण कुत्र्याला देता येते काय? येते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया, ॲरिझोना या भागांत खुळखुळ्या सापांचा सुळसुळाट आहे. तिथे शिक्षक तोंड बांधलेला किंवा पिंजऱ्यातला साप ठेवून कुत्र्याला त्याच्याजवळ नेतात. कुत्रा हुंगायला वाकला की गळपट्ट्यातून त्याला विजेचा हलका झटका बसतो. सापाचा वास आणि झटका यांची सांगड त्याच्या मनात बसते आणि पुढे वास येताच तो मागे फिरतो.

ही रीत आपल्या उपयोगाची नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे सापांना संरक्षण दिले आहे. साप धरून त्याचे धडे देणे हा गुन्हा ठरेल. आणि झटक्याची सांगड सापाऐवजी अंगणाशी किंवा खुद्द मालकाशी बसली, तर कुत्रा भित्रा होऊन बसतो. तिकडेही आता काही शिक्षक झटका सोडून खाऊचा मार्ग धरू लागले आहेत. आम्ही मोत्यासाठी तोच धरला.

सारा अभ्यास दोन शब्दांचा आहे: "सोड" आणि "ये". प्रथम घरात बसून मुठीत भाकरीचा तुकडा धरावा. कुत्रा मूठ चाटील, नखाने उकरील. आपण एकदाच "सोड" म्हणावे आणि गप्प राहावे. त्याने तोंड फिरविले की दुसऱ्या हातातून सुक्या बोंबलाचा तुकडा द्यावा. जे सोडले त्याहून जे मिळाले ते चांगले, ही गोम त्याला लवकर कळते. मग तुकडा जमिनीवर ठेवावा, मग चप्पल, मग चेंडू. नंतर साखळी लावून अंगणात जावे आणि दुसऱ्या कोणाला तरी गवतातून दोरी सरसर ओढायला सांगावी. शेवटी जत्रेतला रबरी साप दोऱ्याला बांधून हलवावा. प्रत्येक वेळी "सोड", पाठोपाठ "ये", आणि धावत आला की बक्षीस. रोज दहा मिनिटे पुरतात. पण हाकेला आलेल्या कुत्र्यावर चुकूनही रागावू नये. नाहीतर पुढची हाक फुकट जाते. मे महिन्यात आणि भातकापणीच्या आधी ही उजळणी आम्ही नेमाने करतो. आता दोरी हलली की हाकेचीही वाट न पाहता मोत्या माझ्याकडे धाव घेतो.

रबराला सापाचा वास नसतो आणि मालक नेहमी शेजारी नसतो, हे मात्र विसरू नये. म्हणून रात्री कुत्रा घरात घ्यावा. बाहेर न्यायचा तर साखळी आणि विजेरी घेऊन. सरपण भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंच रचावे. मुख्य म्हणजे कुत्र्याची उष्टी थाळी रात्री अंगणात ठेवू नये. त्या शितांवर उंदीर येतात आणि उंदरांवर साप! धामण आणि दिवड बिनविषारी आहेत. पण कुत्र्याने ती पारख करू नये, आणि आपणही दुरूनच पाहून सर्पमित्राला बोलवावे.

इतके करूनही दंश झालाच, तर चिरू नये, आवळून बांधू नये, पाला लावू नये. कुत्र्याला चालू न देता उचलून न्यावे आणि निघण्याआधी पशुवैद्यांना फोन करून प्रतिविष आहे ना, ते विचारावे. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ज्या प्रतिविषाशी अनेक दशके जोडलेले आहे, ते घोड्यांच्या रक्तातून बनते. माणसाचेच औषध कुत्र्यालाही चालते. मात्र त्याची मात्रा वजनावर नसते. ती अंगात गेलेल्या विषावर असते. लहान कुत्रा म्हणून कुपी कमी, हा हिशेब खोटा. आणि ते वर सांगितलेल्या चारांवरच चालते. चापड्यासाठी बनविलेले नाही.

पशुवैद्यांचा क्रमांक दाराआड लिहून ठेवा. आणि आणखी एक करा: "छू" हा शब्द आपल्या अंगणातून कायमचा हद्दपार करा. कुत्र्याचे काम भुंकून आपल्याला उठविण्याचे आहे. तेवढे त्याने केले की त्याची शर्थ झाली. साप पाहून मागे फिरणाऱ्या कुत्र्याला कोणी भित्रा म्हणाले, तर खुशाल म्हणू द्या; तो उद्या सकाळी शेपटी हलवीत दाराशी उभा असेल!