पाऊण मात्रेचा प्रतिध्वनी

१९७६ च्या सप्टेंबरात डब्लिनच्या माउंट टेम्पल शाळेतल्या सूचनाफलकावर लॅरी मलन या चौदा वर्षांच्या मुलाने चिठ्ठी लावली : बँड काढायचा आहे, वादक हवेत. मलनच्या घरच्या स्वयंपाकघरात जमलेल्या मुलांपैकी शेवटी चौघे टिकले. ड्रमवर मलन, बेस गिटारवर अ‍ॅडम क्लेटन, गिटारवर डेव्हिड एव्हान्स ऊर्फ ‘द एज’ आणि गायक पॉल ह्यूसन ऊर्फ ‘बोनो’. ‘फीडबॅक’, ‘द हाइप’ अशी नावे पालटत १९७८ मध्ये बँडचे नाव ‘यूटू’ झाले. त्याच वर्षी लिमरिकमधली स्पर्धा जिंकून त्यांनी ५०० पौंड मिळवले. ‘बॉय’ हा पहिला अल्बम १९८० मध्ये आला.

चौघांपैकी कोणीही तालमीत मुरलेला वादक नव्हता. दुसऱ्यांची गाणी नीट वाजवता येत नाहीत, म्हणून ते स्वतःची रचू लागले. या उणिवेतूनच त्यांचा खास आवाज घडला, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा एजचा. त्याने वेगवान सोलोचा नाद सोडला आणि प्रतिध्वनी उमटवणारे यंत्र हाताशी घेतले. तो अर्ध्या-अर्ध्या मात्रेच्या अंतराने स्वर छेडतो. यंत्र तोच स्वर पाऊण मात्रेनंतर परत देते. त्यामुळे परतलेला स्वर छेडलेल्या दोन स्वरांच्या नेमका मधोमध पडतो. वाजतात मोजकेच स्वर, पण ऐकणाऱ्याला दुप्पट दाट वीण ऐकू येते. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ची सुरुवात हा त्याचा उत्तम नमुना. हेच गाणे जमवताना निर्माता ब्रायन ईनो इतका वैतागला होता, की रेकॉर्डिंगच पुसून टाकण्याचा विचार त्याच्या मनात आला!

बोनोचे वडील कॅथलिक, आई प्रॉटेस्टंट. उत्तर आयर्लंड कॅथलिक-प्रॉटेस्टंट संघर्षाने धुमसत असताना हे घर म्हणजे तिढाच. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्या दिवसाची आठवण ‘वॉर’ (१९८३) मधल्या ‘संडे ब्लडी संडे’त आहे, मात्र ते कोणत्याही बंदूकधाऱ्याची बाजू घेत नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये एनिस्किलनला आयआरए या सशस्त्र संघटनेने बॉम्बस्फोट केला, त्याच रात्री डेन्व्हरच्या मंचावरून बोनोने सशस्त्र क्रांतीच्या गौरवावर जळजळीत टीका केली. मे १९९८ मध्ये, शांतता करारावरील सार्वमताच्या तोंडावर, त्याने बेलफास्टच्या मंचावर जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल या दोन प्रतिस्पर्धी नेत्यांचे हात एकत्र उंचावले. बोनोचा उपदेशकी सूर अनेकांना खटकतो, आणि ते गैर नाही. त्या दिवशी मात्र तो योग्य जागी होता.

१९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीने त्यांना जगभर ओळख दिली. दोन वर्षांनी आलेल्या ‘द जॉशुआ ट्री’च्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. पाठोपाठ ‘रॅटल अँड हम’ हा चित्रपट आला आणि अतिगांभीर्याबद्दल त्यांची टिंगल सुरू झाली. १९९० च्या अखेरीस ते बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले. क्लेटन-मलनना जुनी वाट हवी होती, तर बोनो-एजना यंत्रांचे नवे नाद. बँड फुटायच्या बेतात होता. एका सुरावटीशी खेळता खेळता ‘वन’ हे गाणे जुळून आले आणि काम पुढे सरकले. ‘अख्टुंग बेबी’ (१९९१) मध्ये गिटार खरखरीत झाली, स्वर कुजबुजता झाला. ‘झू टीव्ही’ दौऱ्यात काळा गॉगल लावलेला बोनो स्वतःच्याच ताराप्रतिमेची थट्टा करू लागला. कारकिर्दीतले सर्वांत धाडसी वळण हेच.

‘पॉप’ (१९९७) फारसा जमला नाही. २००० च्या अल्बमने जुना सूर परत आणला. २००९-११ च्या ‘३६०’ दौऱ्याला ७० लाखांहून अधिक श्रोते आले. २०१४ मध्ये अ‍ॅपलने त्यांचा नवा अल्बम कोट्यवधी ग्राहकांच्या खात्यांत न विचारता टाकला. लोक चिडले आणि बोनोला माफी मागावी लागली. गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी झटणाऱ्या या बँडने कर वाचवण्यासाठी आपल्या व्यवसायाचा काही भाग नेदरलँड्सला हलवला होता, त्यावरूनही आयर्लंडमध्ये बोल लागला.

भारतात त्यांचा पहिला कार्यक्रम १५ डिसेंबर २०१९ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. त्याआधी ए. आर. रहमानसह केलेले ‘अहिंसा’ हे गाणे प्रसिद्ध झाले होते. २०२३-२४ मध्ये लास व्हेगासच्या ‘स्फिअर’ या गोलाकार सभागृहात त्यांनी ४० कार्यक्रम केले, गाभ्याला ‘अख्टुंग बेबी’च. ड्रमवर मात्र शस्त्रक्रियेमुळे विश्रांती घेणाऱ्या मलनऐवजी ब्राम फान डेन बेर्ख हा डच वादक होता.