सेवा योजनेच्या शिबिरासाठीं अर्ज करावा काय?

अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर येथील महाविद्यालयांचे विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठीं ठाणें-पालघरकडील खेड्यांत येतात. असें शिबिर आपल्या गांवीं मागवावें काय, असें कांहीं शेतकरी बंधू आम्हांस विचारतात.

१९६९ सालीं सुरू झालेल्या या योजनेचें अनुदान महाविद्यालयाच्या पथकास मिळतें, शेतकऱ्यास नव्हे. तें शिबिराच्याच खर्चास लागतें. तेव्हां पैशाच्या आशेनें अर्ज करूं नये. आपणांस मिळतें तें श्रमदान. हात तरुण खरे, पण कुदळीस न सरावलेले. पक्का बंधारा त्यांच्याकडून व्हावयाचा नाहीं. गोण्यांचा वनराई बंधारा मात्र होऊं शकेल. त्यासाठीं सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती-वाळू व जागेच्या मालकाची संमति अगोदर हवी.

शिबिर बहुधा हिवाळ्यांत भरतें. तोंपर्यंत ओढा आटत असेल तर बंधारा व्यर्थ होय. पाणी वाहतें असेल, साहित्य जमत असेल आणि मुलें परतल्यावर गळती बुजविण्यास गांवचीं चार माणसें तयार असतील, तरच महाविद्यालयास लिहावें. एरव्हीं पाहुणचार तेवढा घडेल. भाजीपाल्यास पाणी मिळणार नाहीं.