पक्के समज, कच्चे धागे

१७ मे २०२५ रोजी भारत सरकारने एक आदेश काढला. बांगलादेशात शिवलेले तयार कपडे यापुढे जमिनीवरच्या सीमानाक्यांवरून भारतात येणार नाहीत. आणायचे असतील तर ते न्हावा शेवा किंवा कोलकाता बंदरातूनच आणावे लागतील. हे वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडावा तो वेगळाच: कापूस पिकवणारा, सूतगिरण्यांचा आपला देश बांगलादेशाकडून कपडे विकत घेतो? घेतो, आणि २०११ पासून ते बहुतांशी बिनशुल्क येतात. मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये शर्टाची कॉलर उलटून पाहिली, तर त्या देशाचे नाव सहज सापडते.

कपड्यांच्या जागतिक व्यापाराबद्दल आपल्या मनात काही समज पक्के बसलेले आहेत. त्यांतले बरेचसे अर्धवट खरे आहेत आणि म्हणूनच ते टिकून राहिले आहेत.

समज १: जिथे मजुरी सर्वांत स्वस्त, तिथेच कपडे शिवले जातात.

वस्तुस्थिती: असे असते तर आज जगाचे शर्ट इथिओपियात शिवले गेले असते. त्या देशाने २०१६ मध्ये हवासा शहरात मोठी औद्योगिक वसाहत उभारली. खासगी कारखान्यांना किमान वेतनाचे बंधन नव्हते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासानुसार तिथल्या नवख्या कामगाराचा मूळ पगार महिन्याला २६ डॉलर होता, म्हणजे तयार कपड्यांच्या धंद्यात जगात सर्वांत कमी. शिवाय आफ्रिकी देशांसाठीच्या ‘अगोआ’ कायद्यामुळे तिथला माल अमेरिकेत बिनशुल्क जात होता. कॅल्विन क्लाइन आणि टॉमी हिलफिगर या नाममुद्रांची मालक असलेली पीव्हीएच कंपनी तिथे गेली, ती हाच हिशेब करून.

हिशेब फसला. कापड, बटणे, चेन असे जवळपास सगळेच बाहेरून आणावे लागे आणि तेही शेजारच्या जिबूतीच्या बंदरातून. २६ डॉलरमध्ये शहरात राहणे परवडत नसल्यामुळे खेड्यांतून आलेल्या मुली शिकून तयार होईपर्यंत काम सोडून जात. मजुरी स्वस्त होती, पण शिवलेला नग स्वस्त पडत नव्हता. पुढे टिग्रे प्रांतातले युद्ध पेटले, पीव्हीएचने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथला कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले आणि १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने ‘अगोआ’ची सवलतही काढून घेतली.

उलट व्हिएतनाममधली मजुरी बांगलादेशापेक्षा बरीच जास्त असूनही तो देश पहिल्या काही निर्यातदारांत आहे. इटली, जर्मनी आणि स्पेनही मोठ्या निर्यातदारांच्या यादीत आहेत. खरेदीदार बघतो तो नगामागचा एकूण खर्च, माल पोहोचण्याची तारीख आणि बंदरावर भरावे लागणारे शुल्क. मजुरी हा त्या बेरजेतला केवळ एक आकडा असतो.

समज २: बांगलादेशाचा कपडा उद्योग खुल्या बाजारातून उभा राहिला.

वस्तुस्थिती: त्याचा जन्म बंद बाजारातून झाला. १९७४ पासून श्रीमंत देशांनी ‘मल्टिफायबर अरेंजमेंट’ नावाची व्यवस्था लागू केली. कोणत्या देशाने कोणता कपडा किती पाठवायचा, याचे कोटे ठरले. दक्षिण कोरिया, हाँगकाँग आणि तैवान इथल्या कारखानदारांचे कोटे भरले, तेव्हा ते कोटे न लागलेल्या किंवा न वापरलेल्या देशांच्या शोधात निघाले. कोरियाच्या देवू कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ढाक्याच्या ‘देश गारमेंट्स’शी करार केला. सुमारे १३० बांगलादेशी तरुण-तरुणींनी बुसानच्या कारखान्यात जाऊन शिवण, कापणी, दर्जा-तपासणी आणि विक्रीचे व्यवहार शिकून घेतले. परतल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी पुढे ‘देश’ सोडून स्वतःचे कारखाने काढले किंवा इतरांचे उभे करून दिले. त्या धंद्याची पहिली पिढी ही अशी घडली.

हे कोटे १ जानेवारी २००५ रोजी संपले. त्याआधी जाणकारांचे भाकीत असे होते की आता चीन आणि भारत सगळा बाजार खाणार आणि बांगलादेश कोसळणार. जागतिक व्यापार संघटनेच्याच २००४ मधल्या एका अभ्यासात अंदाज होता की अमेरिकेच्या कपडे आयातीत चीनचा वाटा ५० टक्क्यांवर जाईल, भारताचा १५ टक्के होईल आणि बांगलादेशाचा ४ वरून २ टक्क्यांवर येईल. २०२४ मध्ये प्रत्यक्षात चीनचा वाटा २१ टक्क्यांच्या आसपास होता, बांगलादेशाचा ९ टक्क्यांच्या वर आणि भारताचा ६ टक्क्यांच्या जवळ. फटका बसला तो मेक्सिको, तैवान, हाँगकाँग यांना.

भाकीत चुकले, कारण कोटे गेले तरी नियम गेले नाहीत. २००५ च्या उन्हाळ्यात युरोपने चिनी कपड्यांवर पुन्हा मर्यादा घातल्या, तेव्हा कोट्यवधी नग युरोपच्या बंदरांत अडकून पडले होते. अमेरिकेनेही २००८ पर्यंत चिनी मालावर बंधने ठेवली. तेवढ्या अवधीत ढाका आणि चितगावच्या कारखान्यांनी आपली पकड घट्ट केली.

समज ३: बांगलादेशाला सगळीकडे शुल्कमाफी आहे, म्हणून तो जिंकतो.

वस्तुस्थिती: युरोपपुरते हे खरे आहे, अमेरिकेपुरते नाही. अतिअविकसित देश म्हणून २००१ पासून बांगलादेशाचा माल युरोपीय संघात बिनशुल्क जातो, तर भारतीय कपड्यांवर तिथे वर्षानुवर्षे साडेनऊ टक्क्यांच्या आसपास शुल्क लागत आले. कपड्याच्या धंद्यात नफा इतका बारीक असतो की एवढ्या फरकाने ऑर्डर फिरते.

त्याहून महत्त्वाचा बदल २०११ मध्ये झाला आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. त्याआधी ही माफी मिळवण्यासाठी कपड्याचे कापडही त्याच देशात तयार झालेले असावे लागे. २०११ पासून अतिअविकसित देशांसाठी ही अट सैल झाली. कापड चीनचे किंवा भारताचे असले तरी शिलाई बांगलादेशात झाली की पुरे. होजिअरीसाठी तिथे सूत आणि विणकाम होतेच. या सवलतीने मागावरच्या कापडाच्या शर्ट-पँटींचीही वाट मोकळी झाली.

अमेरिकेत मात्र बांगलादेशी कपड्यांना अशी माफी नाही. २०२५ चे जादा शुल्क लागण्याआधीही तिथे सुती टी-शर्टवर १६.५ टक्के आणि पॉलिस्टरच्या टी-शर्टवर ३२ टक्के शुल्क होते. ते जसे भारताला लागत होते तसेच बांगलादेशालाही. तरी अमेरिकेत बांगलादेश आपल्या पुढे आहे. एकाच नमुन्याचे लाखो नग, एकाच छताखाली, ठरल्या तारखेला काढण्याची क्षमता त्याने कमावली आहे आणि ती शुल्काच्या तक्त्यात दिसत नाही.

समज ४: चीनचे दिवस संपले.

वस्तुस्थिती: तयार कपड्यांच्या जागतिक निर्यातीत चीनचा वाटा दहा-बारा वर्षांपूर्वी ३९ टक्क्यांच्या जवळ होता. आता तो ३० टक्क्यांच्या आसपास आहे. मजुरी वाढली, तरुण कामगार दुसऱ्या उद्योगांकडे वळले आणि जून २०२२ पासून अमेरिकेने शिंजियांग प्रांताशी संबंधित मालावर सक्तमजुरीच्या कारणाने बंदी घातली. चीनचा सुमारे ९० टक्के कापूस त्याच प्रांतात पिकतो.

पण हे आकडे शिवलेल्या कपड्यांचे आहेत. सूत आणि कापड यांच्या जागतिक निर्यातीत चीनचा वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे. व्हिएतनाम आणि कंबोडियात शिवल्या जाणाऱ्या कपड्यांचे बरेचसे कापड चीनमधून येते. कारखान्याची मालकीही अनेकदा चिनी असते. निंगबोची शेनझोउ इंटरनॅशनल ही कंपनी नायकी, आदिदास, युनिक्लो यांच्यासाठी व्हिएतनाम आणि कंबोडियात कपडे बनवते. लेबलवर व्हिएतनाम दिसते, ते फक्त शिलाईचे ठिकाण. शिलाई हा साखळीतला शेवटचा आणि सर्वांत सहज हलवता येणारा टप्पा आहे. कापड विणणे, रंगवणे आणि त्यावर प्रक्रिया करणे यांसाठी प्रचंड भांडवल, पाणी आणि वीज लागते. ते कारखाने उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

चीनने याच काळात दुसरीही चाल केली. ग्वांगझोउच्या छोट्या कारखान्यांतून शीनसारख्या कंपन्या एका नमुन्याचे शे-दोनशे नगच शिवून घेतात, खपला तर पुन्हा मागवतात आणि पार्सल थेट ग्राहकाच्या दारात पाठवतात. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर अमेरिकेत शुल्क नव्हते, ही त्यामागची मेख होती. चिनी मालापुरती ही सवलत २ मे २०२५ रोजी संपली आणि सर्व देशांपुरती त्याच वर्षी २९ ऑगस्टला.

समज ५: कापूस आपला, म्हणजे कपड्यांचा बाजारही आपलाच व्हायला हवा.

वस्तुस्थिती: बांगलादेश आपल्या गरजेच्या जेमतेम दोन टक्के कापूस पिकवतो. व्हिएतनाममध्येही कापूस नावापुरताच. दोघेही गाठी विकत घेतात आणि कपडे विकतात. शेतात रुई असणे ही सोय आहे, बाजाराची हमी नव्हे.

आपल्याकडे तर ती सोयही पूर्ण नाही. कापसाखालचे क्षेत्र जगात सर्वांत जास्त भारतात आहे आणि देशात सर्वांत जास्त महाराष्ट्रात. पण विदर्भ-मराठवाड्यातली बहुतेक कपाशी पावसावर अवलंबून. देशाची सरासरी हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास घुटमळते. चीन आणि ब्राझील त्याच्या चौपट काढतात. २०२१ मध्ये आयात कापसावर ११ टक्के शुल्क बसले, ते अमेरिकी शुल्काच्या धक्क्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये तात्पुरते उठवले गेले. शुल्क असले की गिरणीला रुई महाग पडते, उठवले की शेतकऱ्याचा भाव पडतो. या ओढाताणीतून अजून कोणत्याही सरकारला वाट सापडलेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे जग आता प्रामुख्याने सुती कपडे घालत नाही. जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे आणि कापूस पाचव्या हिश्श्याच्या आसपास. खेळाचे कपडे, जॅकेट, लेगिंग, हिवाळी कपडे हा सगळा माल कृत्रिम धाग्यांचा. भारताची निर्यात मात्र अजून कापसाभोवती फिरते. जिथे मागणी सुती मालाचीच आहे तिथे आपण बलवान आहोत: अमेरिकेला सुती चादरी पुरवणाऱ्या देशांत भारत पहिला आहे, टॉवेलमध्येही आघाडीवर.

तिसरी गोष्ट आपल्याच धोरणाची. तयार कपड्यांची शिलाई दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होती. मागावरच्या कापडाच्या कपड्यांचे आरक्षण २००० च्या वस्त्रोद्योग धोरणाने उठले, होजिअरीचे २००५ मध्ये. म्हणजे ढाक्यात हजारो मशिनांचे कारखाने उभे राहत होते, त्या काळात आपल्याकडे मोठा कारखाना काढण्यावरच बंधने होती. आपण सूत विकत राहिलो आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बांगलादेश झाला. विदर्भातल्या कापसाचे सूत तिकडे जावे आणि त्याचा शर्ट न्हावा शेव्याला उतरावा, हे आज सहज घडू शकते. मोलाची भर पडते ती मधल्या टप्प्यांत, आणि तेच टप्पे आपल्या हातून सुटले. अमरावतीजवळ नांदगाव पेठ इथे होऊ घातलेले ‘पीएम मित्र’ वस्त्रोद्योग संकुल त्याच उणिवेवरचा उपाय म्हणून मांडले गेले आहे. सूतकताईपासून शिलाईपर्यंतचे सगळे टप्पे तिथे खरोखर एकत्र आले, तरच तो उपाय ठरेल.

समज ६: शेजारी अडचणीत आला की ऑर्डरी आपल्याकडे येतात.

वस्तुस्थिती: ५ ऑगस्ट २०२४ रोजी बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना यांना देश सोडावा लागला, तेव्हा कपड्यांचे केंद्र असलेल्या तिरुपूरपासून दिल्लीपर्यंत हीच आशा व्यक्त झाली. पण जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात जवळपास नऊ टक्क्यांनी वाढून ३९ अब्ज डॉलरच्या वर गेली. २०२४-२५ मध्ये भारताचीही वाढली, पण १६ अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे दशकभरापूर्वी होती तिथेच.

बडा खरेदीदार कारखाना सहजासहजी बदलत नाही. त्याने तो तपासलेला असतो, पुढच्या हंगामाचे नमुने आधीच मंजूर झालेले असतात. २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार गेले, तेव्हाही बहुतेक कंपन्यांनी बांगलादेश सोडला नाही. त्यांनी कायद्याने बंधनकारक करार केला आणि दीड हजारांहून जास्त कारखान्यांच्या इमारती आणि आगप्रतिबंधाची तपासणी करून घेतली. एवढा खर्च जिथे केला, तिथून पाय काढणे आणखी अवघड होते.

कागदावरचा दर मात्र एका रात्रीत चित्र पालटू शकतो. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावरचे जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेले; बांगलादेश आणि व्हिएतनामवर ते २० टक्के होते. त्या दिवशी तिरुपूरचे सूत, कारागिरी, मजुरी यांत तसूभरही फरक पडला नव्हता.

म्हणून या धंद्याची कोणतीही बातमी वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात: शिलाई हलली की कापडही, शुल्क किती, आणि माफीसाठी कापड कुठले असावे लागते. यांतला तिसरा प्रश्न येत्या काही वर्षांत निर्णायक ठरणार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ रोजी अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. तिथले कारखानदार ही तारीख पुढे ढकलण्याची मागणी करत आले आहेत. यादीतून बाहेर पडल्यानंतर युरोप आणखी तीन वर्षे सवलत चालू ठेवणार आहे. ती मुदत संपली की कापडही स्वतःचे असण्याची जुनी अट पुन्हा पुढे येईल. तेव्हा बांगलादेशाला मागावरचे कापड हवे असेल आणि भारताला शिलाईचे मोठे कारखाने. आपली उणीव कोण आधी भरून काढतो, यावर पुढच्या दशकातल्या ऑर्डरी ठरतील.