जुनी गाणी, नवे नाटक
(लेखांक सहावा)

कथानक असलेल्या संगीतिकेचे श्रेय वाटणे फारसे अवघड नसते, हे गेल्या लेखांकात पाहिले. संहिता एकाची, पदे दुसऱ्याची, चाली तिसऱ्याच्या. रिव्ह्यूत कथानकच नसते. त्यातून गाणी आधीच गाजलेली आणि संगीतकार हयात नसलेला, तर मग निर्मात्या चमूने नेमके केले काय? न्यूयॉर्कच्या ‘एन्ट मिसबिहेविन’पुरते उत्तर द्यायचे, तर या चमूने गाण्यांच्या मांडणीतून नाटक लिहिले, असे माझे म्हणणे आहे. हार्लेमचे पियानोवादक-संगीतकार फॅट्स वॉलर १९४३ साली वयाच्या ३९व्या वर्षी गेले. त्यांच्या गाण्यांचा हा प्रयोग फेब्रुवारी १९७८मध्ये मॅनहॅटन थिएटर क्लबच्या छोट्याशा कॅबरेत सुरू झाला, मे महिन्यात ब्रॉडवेवर लाँगेकर थिएटरात गेला आणि ब्रॉडवेवर त्याचे एकूण १६०४ प्रयोग झाले. रंगमंचावर पाच गायक-नट आणि वादक. आपल्याकडच्या गाण्यांच्या कार्यक्रमात दोन गाण्यांना जोडणारा निवेदक असतो, तसा येथे कोणी नाही.

कल्पना मरे हॉर्विट्झ आणि रिचर्ड माल्टबी यांची, दिग्दर्शन माल्टबींचे, नृत्ये आर्थर फारिया यांची. पण सर्वांत मोलाचे काम मला ल्यूथर हेंडरसन यांचे वाटते. ते हार्लेममध्ये वाढले, ज्युलियार्डमध्ये शिकले आणि ड्यूक एलिंग्टन यांच्यासाठी त्यांनी संगीतसंयोजन केले. या प्रयोगाचे वाद्यसंयोजन त्यांचे, आणि सुरुवातीला पियानोवरही तेच बसत. वॉलर ‘स्ट्राइड’ शैलीत वाजवत. तिच्यात डावा हात खर्जातला स्वर आणि मधल्या सप्तकातला स्वरमेळ यांच्यात सतत झेपावत राहतो आणि उजवा हात वर मोकळा खेळतो. ‘हँडफुल ऑफ कीज’ ही वॉलर यांची १९२९ची निव्वळ वाजवायची रचना. माल्टबी आणि हॉर्विट्झ यांनी तिला शब्द दिले, आणि ते शब्द स्ट्राइड कसे वाजवायचे तेच सांगतात. जी किमया एका माणसाच्या दहा बोटांत होती, ती पाच कंठांतून ऐकू येते. वॉलर मंचावर नसताना त्यांची बोटे ऐकवणे, हे मी नाट्यलेखनच मानतो.

यावर कोणी म्हणेल, की ही गाणी एवढी भक्कम आहेत, की कुणीही ओळीने म्हटली तरी रंगतील. रंगतील खरी, पण ‘ब्लॅक अँड ब्लू’चे काय झाले ते पाहा. अँडी रझाफ यांच्या शब्दांतले हे गाणे १९२९च्या ‘हॉट चॉकलेट्स’ या रिव्ह्यूत गडद वर्णाच्या एका स्त्रीची तक्रार म्हणून आले होते: पुरुषांना उजळ मुली आवडतात, माझ्याकडे कोण पाहणार? लुई आर्मस्ट्राँग यांनी त्याच वर्षी ते वंशभेदाचे दुःख म्हणून गायले. अर्थ रुंदावण्याचे पहिले श्रेय त्यांचेच. १९७८च्या चमूने त्याला जागा शोधून दिली. प्रयोग जवळजवळ संपत आलेला, आधीची गाणी धसमुसळी, हसवणारी, आणि मग हे पाचही जण जवळजवळ न हलता हे गातात. आधीचा सगळा उल्हास कोणत्या जगात टिकवून धरला होता, ते प्रेक्षकाला तेथे कळते. हेच गाणे सुरुवातीला घातले असते, तर पुढची हास्ये अशक्य झाली असती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: कृष्णवर्णीय कलावंताचे जग मांडण्याची सूत्रे दोन श्वेतवर्णीयांच्या हाती का? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही, आणि यशाच्या आकड्यांनी तो मिटतही नाही. मात्र ‘सूत्रे दोघांच्या हाती’ हे वर्णन अपुरे आहे. सूर ठरवणारे हेंडरसन होते. आणि नेल कार्टर, आंद्रे डी शील्ड्स, आर्मेलिया मॅक्वीन, केन पेज व शार्लेन वुडार्ड या पाच जणांच्या देहबोलीवाचून कागदावरची मांडणी मुकी राहिली असती. फक्त माल्टबी-हॉर्विट्झ यांची नावे घेतली, की या सहाही कृष्णवर्णीय कलावंतांचे काम पुन्हा नजरेआड होते. १९७८च्या टोनी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीतिका, दिग्दर्शन आणि नेल कार्टर यांचा सहाय्यक अभिनय यांचा सन्मान झाला. वाद्यसंयोजनासाठी टोनीत तेव्हा विभागच नव्हता. तो सुरू झाला १९९७मध्ये.