चॉपरला साडीगार्ड

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम मोठा मजेशीर आहे. मोटारसायकलवर मागे कुणाला बसवायची सोय असेल, तर त्याला धरायला कायमची दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचं चाक निदान अर्धं झाकेल असं काहीतरी हवं, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. हे ‘काहीतरी’ म्हणजे आपलं साडीगार्ड. आता, गाडीवरचं जे जे काढता येईल ते काढून टाकायचं या एकाच हट्टातून जन्मलेली मोटारसायकल भारतात कारखान्यातून विकायची म्हटलं, की तिला आधी साडीगार्ड चढतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये जावाने याच जातीची ‘पेराक’ ही बॉबर दाखवली ती एकाच सीटची. मागे बसणाराच नाही, म्हणजे जाळीचा प्रश्नही मिटला!

हा हट्ट अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या तरुणांनी जुन्या, जड हार्ले घेतल्या, पुढचं मडगार्ड काढून फेकलं, मागचं अर्ध्यात कापलं. वजन घटलं, गाडी पळायला लागली आणि खिशातून जवळजवळ काही गेलं नाही. ही बॉबर. पुढे वेगाची जागा दिसण्याने घेतली, पुढचे फोर्क लांबले, हँडल उंच झालं आणि चॉपर आली.

चॉपरचा सगळा जीव तिच्या नेकमध्ये असतो. पुढचा फोर्क मागे कललेला असतो. ज्या नेकमध्ये तो फिरतो तिची रेघ कल्पनेने रस्त्यापर्यंत वाढवली, तर ती चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि गाडी आपणहून सरळ राहते ती बऱ्याच अंशी त्याच्या जोरावर. चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर, फोर्क नेकच्या रेघेपासून ५५ मिलिमीटर पुढे आणि कल २८ अंश धरला, तर ट्रेल ११ सेंटिमीटरच्या आसपास येतो. बाकी काही न बदलता कल ४५ अंश करा, तो थेट २५ सेंटिमीटर होतो. मोकळ्या हायवेवर अशी गाडी रुळावरून जावी तशी जाते, पण चौकात हळू वळवायला घेतली की हँडल भसकन एका बाजूला पडतं आणि मनगटं भरून येतात. त्यावर उपाय आहे. फोर्क धरणाऱ्या प्लेटांनाच थोडा तिरपा कोन दिला की ट्रेल पुन्हा कमी होतो. पण नेक मूळचीच ठेवून नुसत्या तिरप्या प्लेटा बसवल्या, तर तो नको इतका कमी होतो आणि वेगात हँडल थरथरायला लागतं. घरी गाडी बांधणाऱ्याला हे माहीत असावं लागतं. कल वाढवायला नेकमागे करवतीने खाच घेऊन, तापवून, ओढून, वरून पट्टी झाळताना दुसरा कुणी जबाबदार नसतो. ती झाळ सुटली तर पडणाराही तोच.

१९६९च्या ‘ईझी रायडर’ या सिनेमाने हे प्रकरण जगभर पोचवलं. त्यातल्या पीटर फोंडाच्या अमेरिकी झेंड्याच्या रंगाच्या गाडीचं चित्र आजही गराजांच्या भिंतींवर दिसतं. सिनेमासाठी लिलावातून घेतलेल्या पोलिसांच्या जुन्या हार्लेंपासून चार गाड्या बनवल्या गेल्या. बनवणारे क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी, दोघेही लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय कारागीर. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नाही.

कारखाना तोवर बघत होता. हार्लेच्या संस्थापकांपैकी एकाचा नातू विली जी. डेव्हिडसन कंपनीचा डिझाइन विभाग सांभाळायचा. लोक आपल्याच गाड्यांचं काय करतात हे पाहून त्याने १९७१ची ‘सुपर ग्लाइड’ काढली. मोठ्या हार्लेची चेसिस आणि इंजिन, स्पोर्टस्टरचा हलका पुढचा फोर्क. ज्या भागांची जोड लोक अंगणात लावत होते तीच कंपनीने हमीपत्रासकट लावली. वर मागच्या बाजूला होडीच्या टोकासारखी फायबरग्लासची शेपटी बसवली, ती गिऱ्हाइकांना मुळीच रुचली नाही. पुढच्याच वर्षी साधं मडगार्ड परत आलं.

पण खरी गंमत सॉफ्टेलची आहे. जुन्या चॉपरला मागे शॉकअप नसायचा. चेसिसची नळी मागच्या चाकापर्यंत सरळ उतरायची. ती रेघ देखणी, आणि मणक्याचे हाल कुत्रा खात नाही. १९७०च्या दशकात बिल डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने स्वतःच्या हार्लेसाठी एक युक्ती काढली: मागे झुलणारा सांगाडा असा बांधायचा की बाहेरून तो शॉकअप नसलेलाच वाटावा. हार्लेने ती पुढे विकत घेतली आणि १९८४च्या मॉडेलांत ‘सॉफ्टेल’ नावाने आणली. दोन्ही शॉकअप गिअरबॉक्सच्या खाली आडवे, नजरेआड. चाक खड्ड्यावरून वर उचललं गेलं की ते दाबले जात नाहीत, उलटे ताणले जातात. इतका उपद्व्याप कशासाठी, तर गाडी त्रासदायक दिसावी पण त्रास देऊ नये म्हणून!

या सगळ्या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती ही एक गोष्ट. घरी बांधणाऱ्याने काहीतरी सोसायचं ठरवलेलं असतं. कुणी पाठ सोसतो, कुणी छोटी टाकी, कुणी पावसात पुढच्या चाकाने उडवलेला चिखल. कारखान्याला गिऱ्हाइकाला काही सोसायला लावता येत नाही, म्हणून तो सोसण्याचं नुसतं रूप विकतो. यात फसवणूक आहे असं मी मानत नाही. रोज पंचवीस किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याने सॉफ्टेलच घ्यावी. मात्र कारखान्यातल्या सर्वांत गाजलेल्या ‘कस्टम’ची कल्पनासुद्धा एका माणसाने स्वतःच्या गाडीसाठी लढवलेली होती, हे विसरू नये.

इंग्लंडातली गोष्ट वेगळ्या कारणाने घडली. पाचशे सीसीच्या छोट्या रेसिंग कारवाल्यांना नॉर्टनचं मँक्स इंजिन हवं असायचं, पण नॉर्टन सुटं इंजिन देत नसे. मग ते आख्खी मोटारसायकल घेत, इंजिन कारला लावत आणि चेसिस उरे. ती ‘फेदरबेड’ चेसिस, बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसची, वळणावर तिचा हात धरणारं दुसरं काही नव्हतं. तिच्यात पोरांनी ट्रायम्फचं इंजिन बसवलं, आणि ट्रायटन तयार झाली. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसमोर असल्या गाड्यांची गर्दी व्हायची. १९६४-६५ साली रेडिचच्या रॉयल एनफील्डने २५० सीसीची कॉन्टिनेंटल जीटी काढून ही हौस शोरूममध्ये आणली. तेच नाव २०१३ साली आणि पुन्हा २०१८ साली चेन्नईहून निघालेल्या गाड्यांवर आलं.

मधला एक मार्गही अमेरिकेत होऊन गेला: बाजारात मिळणारी इंजिनं घेऊन शेकड्यांनी चॉपर बांधायच्या. कॅन्ससमधली बिग डॉग, टेक्ससमधली अमेरिकन आयर्नहॉर्स ही त्यातली ठळक नावं. टीव्हीवर चॉपर बांधणाऱ्या बापलेकांची भांडणं रंगली होती तेव्हा हा धंदा तेजीत होता. २००८ला मंदी आली, कर्ज मिळेनासं झालं आणि त्याच वर्षी आयर्नहॉर्स बुडाली, २०११मध्ये बिग डॉगही. कारखान्याची कमी किंमत नाही आणि घरच्या गाडीचं एकमेवपणही नाही, अशा गाडीला मंदीत कोण विचारणार?

आपल्याकडे बजाजने कावासाकीच्या साथीने २००१ साली एलिमिनेटर आणली. २००५ साली तिच्याच घाटाची अॅव्हेंजर आली, त्यात पल्सरचं १८० सीसी इंजिन. एका गाडीच्या अंगात दुसरीचं इंजिन! ट्रायटनवाल्या पोरांनी केलं तेच आकुर्डीच्या कंपनीने केलं, फक्त रीतसर मान्यता घेऊन. ही मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यात आहे, जिच्या टेकडीवर कोथरूडकर संध्याकाळी फिरायला जातात. कारखान्याच्या दृष्टीने तिथला खर्च हजारो गाड्यांवर वाटला जातो. एकच गाडी बांधणाऱ्याने तो कशावर वाटायचा?

इथेच आपला कायदा परदेशापेक्षा वेगळा पडतो. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या गाडीची तपासणी करून तिला रस्त्यावर आणायची सोय आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने धुराच्या नियमांतून स्वतःपुरती एक गाडी बांधायची सूट ठेवली आहे, आयुष्यात एकदाच. आपल्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मात्र निर्मात्याने दिलेला तपशील आणि आरसी यांत फरक पडू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी घट्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात तेव्हा कानांना बरंच वाटतं, हे कबूल. पण फटाके फोडणारा सायलेन्सर आणि नीट विचार करून झाळलेली चेसिस कायद्याने एकाच पारड्यात टाकली आहेत.

त्यात हौशी लोकांचाही दोष आहे. हल्ली ‘घरी बांधलेल्या’ दहा बुलेट पाहा: तीच तपकिरी सपाट सीट, सायलेन्सरला गुंडाळलेली तीच खाकी पट्टी, तेच जाड खाचांचे टायर. सगळं खोक्यातून येतं आणि पान्याने बसतं. कारखाना बदलला, एवढंच. रॉयल एनफील्ड आता रंग, सीट, आरसे निवडून गाडी बुक करू देते, तेव्हा या दोन्हींत फरक काय उरला?

एका माणसासाठी एकच गाडी बांधणं पाहायचं असेल, तर पायाने अधू असलेल्यांच्या स्कूटर तयार करणाऱ्या गराजमध्ये जावं. ५२व्या कलमात त्यांच्यापुरती वाट ठेवलेली आहे. दोन्ही बाजूंना जादा चाकं, त्यांच्या आधाराची नळ्यांची चौकट, कुबड्या अडकवायला क्लिप. आधी माणसाला बसवून माप घेतात. कुठल्या हातात जोर आहे, कुठला पाय किती वळतो, खुर्चीवरून सीटवर सरकायला उंची किती लागेल. मग ठरतं कुठला लिव्हर कुठे जाणार. आरटीओत तिची नोंद निराळी होते. अशी गाडी गराजवाल्याला बाजूला लावायची असली, तरी चावी फिरवण्याआधी ब्रेक कुठे आहे ते मालकालाच विचारावं लागतं.